वैशाखांतलें ऊन, धुऱ्यावरची आग आणि आपण शेतमालक

कडक उन्हाळ्यास आपल्या भाषेंत ‘वैशाखवणवा’ असा एक जुना शब्द आहे. ऊन आणि आग हीं दोन संकटें आपल्या पूर्वजांनीं एकाच शब्दांत बांधून ठेविलीं, तीं केवळ अलंकारासाठीं नव्हेत. ज्या दिवसांत उघड्या रानांत माणसास उभें राहवत नाहीं, त्याच दिवसांत वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरे होते, हा त्यांचा नेहमींचा अनुभव होता. अनुभव आपलाही तोच आहे. वागणूक मात्र त्या अनुभवास धरून नाहीं. चैत्र-वैशाखांत भर दुपारीं मजूर शेतांत उभा करणारे आणि त्याच सुमारास धुऱ्याचें गवत पेटवून देणारे, हे दोघेही बहुतकरून आपण जमिनीचे मालकच असतों. यास्तव बियाणें व खतें यांचा विषय क्षणभर बाजूस ठेवून या दोन गोष्टींविषयीं शेतकरी बंधूंशीं स्पष्टपणें बोलावें असें योजिलें आहे. प्रस्तुत लेखक विदर्भांतील असल्यामुळें उदाहरणें बहुतेक तिकडचीं येतील. परंतु देश, मावळ व कोंकण येथील वाचकांसही त्यांत आपलें असें कांहीं सांपडेल.

प्रथम उन्हाचा विचार करूं. आज ४४ अंश, उद्यां ४५ अंश, असे आंकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों. पण हे आंकडे सावलींतले असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. वेधशाळेचें उष्णतामापक यंत्र जमिनीपासून उंचावर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटींत ठेविलेलें असतें. उघड्या शेतांत वखरामागें चालणाऱ्या माणसास ती सावलीही नाहीं आणि ती पेटीही नाहीं. त्याच्या डोक्यावर प्रत्यक्ष सूर्य असतो व पायांखालीं काळी जमीन असते. आणि मे महिन्याच्या दुपारीं काळ्या जमिनीचा वरचा थर ६० अंशांच्याही वर तापतो. म्हणजे वर्तमानपत्रांतील आंकडा हा आपल्या मजुराच्या दृष्टीनें नेहमींच कमी सांगितलेला असतो.

भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणें मैदानी प्रदेशांत कमाल तपमान ४० अंश वा अधिक असून तें त्या दिवसाच्या सरासरीहून ४.५ अंशांनीं चढलें, म्हणजे उष्णतेची लाट समजतात, ६.४ अंशांहून अधिक चढलें तर ती तीव्र लाट. तपमान ४५ अंशांस पोंचलें कीं सरासरी कांहींही असो, लाटच; आणि ४७ अंशांस पोंचलें कीं तीव्र लाट. समुद्रकिनाऱ्यासाठीं मात्र ही मर्यादा ३७ अंशांपासून धरतात. हा फरक कां केला, तें समजून घेण्यासारखें आहे.

माणसाच्या शरीराची आंतील उष्णता सुमारें ३७ अंश असते व कातडीची ३५ अंशांच्या आसपास. भोंवतालची हवा कातडीहून थंड असेल, तोंवर अंगांतील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा तीहून अधिक तापली म्हणजे व्यवहार उलटा होतो. बाहेरची उष्णता अंगांत शिरूं लागते. मग शरीरापाशीं एकच साधन उरतें, तें म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला म्हणजे तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हांत कष्टाचें काम करणाऱ्यास तासाला एक ते दीड लिटर घाम येतो. हें पाणी परत मिळालें नाहीं तर घाम आटतो, हृदयावर ताण पडतो आणि आंतील उष्णता चढत जाते. ती ४० अंशांच्या वर गेली व माणूस भ्रमिष्टासारखा बोलूं लागला किंवा बेशुद्ध झाला, म्हणजे तो उष्माघात होय. हवा दमट असेल तर घाम येतो खरा, पण तो वाळत नाहीं, नुसता ओघळतो. आणि न वाळलेल्या घामानें अंग थंड होत नाहीं. म्हणून किनाऱ्याची मर्यादा खालची. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें उघड्या मैदानावर झालेल्या समारंभांत उन्हांत बसलेल्यांपैकीं १४ माणसें मरण पावलीं. त्या दिवशीं तेथील पारा ४० अंशांच्या आंतच होता, आणि तीं माणसें नांगर धरीत नव्हतीं कीं ओझीं वाहत नव्हतीं. केवळ बसलीं होतीं. ‘आमच्याकडे कुठें एवढें ऊन!’ असें म्हणणाऱ्या कोंकणांतील बंधूंनीं ही गोष्ट विसरूं नये.

आतां एक घरची गोष्ट सांगतों. ती सांगण्यांत आम्हांस कांहीं भूषण वाटतें असें नाहीं. पण दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपला सांगावा हें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आमच्या शेतांत पऱ्हाटीचीं धसकटें वेंचण्याचें काम चाललें होतें. मजुरांमध्यें एक तरुण होता. शहरांत एका दुकानांत दोन वर्षें काम करून तो नुकताच गांवीं परतला होता. अंगानें धडधाकट, कामास चपळ. तिसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास तो विसंगत बोलूं लागला व त्याचीं पाउलें वेडींवांकडीं पडूं लागलीं. जवळच्या माणसांस वाटलें, यानें सकाळींच घेतलेली दिसते, ते हंसले. आम्हीही बांधावरून पाहिलें व तसेंच समजलों. थोड्या वेळानें तो कोसळला. तेव्हां कोणी त्याच्या नाकाशीं कांदा धरला, कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी ओतूं लागला, आणि आम्ही गाडी आणावयास गांवांत धांवलों. गाडी येईतों पाऊण तास गेला. विहीर दहा पावलांवर होती, दोर-बादली तिच्यावरच होती. पण त्या पाऊण तासांत त्या तापलेल्या अंगावर एक बादली पाणी ओतावें, हें आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आलें नाहीं. तो वांचला. परंतु त्या दिवसापासून त्यास ऊन म्हणून सोसत नाहीं, आणि त्याचें घर त्याच्या बायकोच्या रोजावर चालतें. आम्ही त्या दिवशीं त्याचा पुरा रोज दिला, औषधाचाही खर्च दिला. पण जें आम्हीं द्यावयास पाहिजे होतें, तें त्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां द्यावयास पाहिजे होतें. आणि तें म्हणजे सावली.

या एका प्रसंगांत आपल्या नेहमींच्या बहुतेक चुका एकत्र आल्या आहेत. एक तर नवखा माणूस. उन्हाची संवय शरीरास हळूहळू लागते. तिला सात ते चौदा दिवस लागतात. ज्यास संवय नाहीं त्यास पहिल्या दिवशीं इतरांच्या पांचव्या हिश्श्याइतकेंच काम उन्हांत द्यावें व रोज थोडें वाढवीत जावें, असें या विषयांतले जाणते सांगतात. बाहेरगांवाहून परतलेला, आजारांतून उठलेला, किंवा वीज रात्रीं येते म्हणून रात्रभर जागून ओलीत करणारा, हे सर्व या बाबतींत नवखेच समजावे. दुसरी चूक, भ्रम हें दारूचें लक्षण समजण्याची. उन्हाळ्यांत शेतावर कोणी असंबद्ध बोलूं लागला तर प्रथम उष्माघातच धरून चालावें. दारूची चौकशी मागाहून करतां येते. तिसरी चूक, आधीं गाडी व मग पाणी, ही. वास्तविक क्रम उलट पाहिजे. माणसास सावलींत आणावें, कपडे सैल करावे अगर काढावे, सबंध अंगावर पाणी ओतीत राहावें व जोरानें वारा घालावा. बर्फ मिळाला तर तो मान, बगला व जांघा यांपाशीं ठेवावा. हें चालूं असतांनाच दुसऱ्यानें १०८ क्रमांकास दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसास पाणी पाजूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. तापाच्या गोळीचा येथें उपयोग नाहीं, कारण हा तापच वेगळा. आणि खिशांत कांदा बाळगण्याविषयीं इतकेंच म्हणतों कीं कांदा भाकरीबरोबर खावा. तो खिशांत असला म्हणून ऊन कोणाचीही भीड धरीत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आमचें मत असें आहे कीं, चैत्राच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत शेतांतील उघड्यावरचें काम सकाळीं साडेदहाच्या पुढें व सायंकाळीं साडेचारच्या आंत कोणाही मालकानें चालवूं नये, आणि या विश्रांतीबद्दल रोजांतून एक पैसाही कापूं नये. सकाळीं साडेपांच ते साडेदहा व सायंकाळीं साडेचार ते साडेसहा, मिळून सात तास काम होतें. मजूर दूरचे असले व दुपारीं घरीं जाऊं शकत नसले, तर आंबा, निंब अगर चिंच यांची सावली, आणि तीही नसेल तर मांडव, ही सोय मालकाची. तेंही जमत नसेल तर एकच सकाळची पाळी ठेवावी. पुष्कळ गांवीं ही रीत पूर्वींपासून आहे. ती सगळीकडे व्हावी एवढेंच आमचें मागणें आहे.

कोणी म्हणेल कीं, सहा-सात तासांचें काम घेऊन पुरा रोज देणें शेतकऱ्यास परवडत नाहीं. मालाचे भाव पहा, मजुरीचे पहा. भावांची तक्रार खरी आहे आणि ती आम्हीही करतों. परंतु दुपारच्या चार तासांत प्रत्यक्ष काम किती होतें, याचा हिशेब एकदां स्वतः शेतांत उभें राहून करावा. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें अनुमान आहे कीं, उष्णतेपायीं आपल्या देशांतील कामाच्या एकंदर तासांपैकीं १९९५ सालीं ४.३ टक्के वायां गेले व २०३० सालीं ५.८ टक्के जातील. तापलेलें शरीर हळू चालतें. तें आळसामुळें नव्हे, जीव वांचविण्यासाठीं. तेव्हां दुपारचे जे तास आपण विकत घेतों, ते मुळांतच पोकळ असतात. सकाळच्या गारव्यांतील एक तास दुपारच्या दोन तासांस भारी आहे. बैलाच्या बाबतींत हें आपणांस न सांगतां कळतें. दहा वाजले कीं आपण वखर सोडतों, कारण बैल बसला तर तो विकत घ्यावा लागतो. माणूस बसला तर दुसरा मिळतो, असा हिशेब आपण मनांत कधीं केला नाहीं काय, हें ज्याचें त्यानें आपल्या मनास विचारावें.

दुसरा आक्षेप गुत्त्याचा. ‘आम्ही काम गुत्त्यानें देतों, मजूर आपल्या मर्जीनें दुपारीं राबतात, त्यास आम्ही काय करावें?’ पण गुत्त्याचा दर जेथें दिवसाच्या पोटास पुरत नाहीं, तेथें मर्जी हा शब्द फारसा खरा नसतो. गुत्ता देतांनाच दुपारीं काम बंद राहील अशी अट घालावी, आणि ती अट धरून दर ठरवावा.

पाण्याविषयींही दोन शब्द. पाणी विहिरीवर आहे म्हणून मजुरांस पाणी आहे असें होत नाहीं. माठ जेथें काम चालूं आहे तेथें, ओल्या फडक्यानें गुंडाळून, सावलींत पाहिजे. आणि तहानेची वाट न पाहतां दर वीस मिनिटांनीं पेलाभर पाणी प्रत्येकानें प्यावें, असें मुकादमानें सांगितलें पाहिजे. घामाबरोबर मीठही जातें, म्हणून ताक, आंबील, कैरीचें पन्हें यांत मीठ घालून तें दिवसांतून दोनदां द्यावें. कोणास गळल्यासारखें झालें तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें पाजावें. येथें एक नाजूक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. निंदणी-वेंचणीस येणाऱ्या बाया पुष्कळदां दिवसभर पाणी पीत नाहींत; त्यांस तहान नसते म्हणून नव्हे, तर उघड्या रानांत आडोसा नसतो म्हणून. शेताच्या एका कोपऱ्यांत तुराट्यांचा चार बाजूंचा आडोसा उभारण्यास अर्धा दिवस पुरतो. तेवढ्यानें जें आरोग्य राखलें जाईल, तें कोणत्याही औषधानें राखतां येणार नाहीं.

हीं कामें सरकारचीं आहेत असें कोणी म्हणेल. अहमदाबाद शहरांत मे २०१० च्या लाटेंत नेहमींपेक्षां १३०० हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर तेथील महानगरपालिकेनें २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची योजना आंखली. आपल्या देशांतील अशी ती पहिली. तींत कांहीं अद्भुत यंत्र नव्हतें. लाट येणार हें आधीं लोकांस कळविणें, पाण्याच्या व सावलीच्या जागा करणें, दवाखान्यांतील माणसांस उष्माघात ओळखावयास शिकविणें, इतकेंच. तिचा कित्ता पुढें इतर शहरांनीं व राज्यांनीं गिरविला. परंतु शहरास महानगरपालिका आहे. दोन कोसांवरच्या शेतास कोण आहे? तेथें लाटेची सूचना मजुरास देणारा, पाणी ठेवणारा आणि उष्माघात ओळखणारा, हे तिन्ही अधिकारी म्हणजे शेताचा मालक एकटाच. हवामान खातें पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांनीं सूचना देतें, ती आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या यंत्रावर येते. नारिंगी अगर लाल सूचना असेल त्या दिवशीं काम सकाळींच संपवावें, हा नियम समजण्यास फारशी विद्या लागत नाहीं.

आतां आगीकडे वळूं. वेळू वेळूस घासून रानांत आग लागते, ही समजूत आपल्यांत फार जुनी आहे आणि ती फार सोयीचीही आहे, कारण तींत कोणाचाच दोष नसतो. खरें पाहतां आपल्याकडील जवळजवळ सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहफुलें वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पालापाचोळा कोणी पेटवितो; तेंदूस नवें पान फुटावें म्हणून कोणी रान जाळतो; कोणी विडीचें थोटूक टाकतो. कोंकणांत व मावळांत राब भाजतांना आग सुटते आणि आंबा-काजूच्या बागा तिच्या तोंडीं जातात. हीं नांवें आपण तत्परतेनें घेतों. पण रानाला लागून ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं पेटविलेल्या धुऱ्याची आग किती वेळां रानांत शिरली, हें आपण बोलत नाहीं. मोहफुलें वेंचणारा गरीब आहे. त्याच्याकडे झाडाखालीं बांधावयास जाळी नाहीं. आपणांपाशीं विळा आहे, मजूर आहेत, नांगर आहे. आपली सबब कोणती?

धुरा पेटविणारा म्हणतो, ‘मी सकाळीं पेटवितों, जवळ उभा राहतों, आजवर कधीं कांहीं झालें नाहीं.’ येथेंच फसगत आहे. वाळलेलें गवत हवेंतील ओलावा तासाभरांत घेतें आणि तासाभरांत सोडतें. सकाळीं सातला जें गवत धुमसत जळतें, तेंच अकराला हवा कोरडी झाली म्हणजे दारूसारखें पेटतें. त्यांत वैशाखांतील वावटळ. ती जळतें पान उचलते व दोन शेतें ओलांडून टाकते. तिला आपला नांगराचा पट्टा दिसत नाहीं. आणि चढावर आग नेहमीं धांवते, कारण खालच्या ज्वाळा वरचें गवत आधींच वाळवून ठेवितात. दर दहा अंश चढास तिचा वेग सुमारें दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. तेव्हां आजवर कांहीं झालें नाहीं हें धुरा जाळणाराचें कौशल्य नसून, त्या त्या दिवशीं वावटळ उठली नाहीं, इतकाच त्याचा अर्थ आहे. रानांत आग लावणें अथवा रानास धोका होईल अशी आग पेटती सोडणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणें गुन्हा आहे. आणि ज्यांस रानांत चराईचा वगैरे हक्क आहे, त्यांनीं वणवा दिसतांच कळविणें व विझविण्यास हात लावणें, हें त्याच अधिनियमाच्या कलम ७९ नें बंधनकारक केलें आहे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेस उपग्रहांवरून रानांतील आगी दिसतात व तशा सूचना वनखात्याकडे जातात. पण आकाशांतल्या डोळ्यास दिसण्याइतकी आग मोठी होण्यापूर्वीं ती शेजारच्या शेतकऱ्यास दिसलेली असते.

धुरा जाळल्यानें गवत चांगलें येतें, हें अर्धें खरें आहे. जुनें वाळलेलें गवत निघून गेल्यामुळें कोंबास उजेड मिळतो, म्हणून तें हिरवें दिसतें. आणि हा लाभ तेंच गवत मार्गशीर्षांत कापल्यानेंही होतो, शिवाय वैरण घरांत येते. जाळल्यानें मात्र गवतांतील नत्र धुरावाटे उडून जातें, जमीन उघडी पडते आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस राखेसह वरची माती ओढ्यांत नेतो. उसाच्या पाचटाचीही तीच कथा. एका हेक्टरांत ८ ते १० टन पाचट निघतें व त्यांत अर्धा टक्का नत्र धरला तरी ४० ते ५० किलो होतो. तो जाळून आपण दुकानांतून युरिया आणतों, याला शेती कसें म्हणावें? कपाशीच्या पऱ्हाटीविषयीं मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गुलाबी बोंडअळीच्या भयानें ती शेतांत ठेवूं नये हें योग्यच आहे. पण ती काढणें निराळें आणि वैशाखांत शेतांत पेटविणें निराळें. यंत्रानें तुकडे करून तिचा खड्डा भरला व वेळोवेळीं वरखालीं केला, तर आंतील उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. तींत अळी वांचत नाहीं आणि खत पदरांत पडतें.

हंगाम तर आतां चालूं आहे. म्हणून जें आजच करतां येईल तें सांगतों. रानाच्या बाजूस शेताच्या कडेनें निदान दहा हात रुंद पट्टा नांगरून अगर वखरून मोकळा करावा. हीच आपली जाळरेषा. कडब्याच्या व कुटाराच्या गंज्या घरापासून, गोठ्यापासून व विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्या आणि एकच मोठी गंजी न रचतां दोन-तीन कराव्या. तारा लोंबत असतील तर वीजखात्यास लेखी कळवावें व त्याची प्रत जपून ठेवावी. फवारणीचे पंप स्वच्छ धुवून पाण्यानें भरून ठेवावे. लहान आगीस पाठीवरचा पंप फार उपयोगी पडतो. टिनाच्या घरावर गवताचा थर घालण्याची रीत आहे. पण रानाजवळ तो थर म्हणजे आगीस दिलेलें आमंत्रण होय. त्याऐवजीं टिनावर चुना फासावा. घर कांहीं अंशीं थंडही राहतें. सालदार जेथें निजतो त्या खोलीसही तो फासावा, हें विसरूं नये. आणि गोठ्याच्या दाराशीं एक धार लावलेला विळा कायम अडकवून ठेवावा. आग लागली म्हणजे घाबरलेल्या जनावराची गांठ सुटत नाहीं. दावें कापावें लागतें.

वणवा विझवावयास जातांना एकट्यानें जाऊं नये. अंगांत सुती कपडे असावे, पायांत जोडा असावा. कृत्रिम धाग्याचें कापड वितळून अंगास चिकटतें. आगीच्या बाजूनें व मागून हिरव्या डहाळ्यांनीं झोडपीत जावें. तिच्या तोंडासमोर, आणि चढावर तिच्या वरच्या बाजूस, कधींही उभें राहूं नये. मार्च २०१८ मध्यें तामिळनाडूंत कुरंगणीच्या डोंगरावर गवताच्या उतारावर आगीनें गांठलेले वीसांहून अधिक पदयात्री मरण पावले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आग घेरूं लागलीच तर जी जमीन जळून काळी झाली आहे तिच्यावर जावें. जळालेलें पुन्हां जळत नाहीं. ज्वाळा डोक्याहून उंच गेल्या कीं माणसानें मागें फिरावें व वनखात्याची वाट पाहावी. गंजी पुन्हां रचतां येते.

शेवटीं एक सूचना. आपल्या शेतकरी संघाच्या पुढील सभेंत तीन ठराव मांडावे असें आम्हांस वाटतें. पहिला, मृगापर्यंत सभासदांच्या शेतांवर दुपारचें काम बंद आणि रोज पुरा. दुसरा, धुऱ्याचें गवत फाल्गुन सरण्यापूर्वीं कापून काढावें व त्यानंतर कोणाही सभासदानें तें पेटवूं नये. पेटविल्यास शेजाऱ्याची भरपाई त्यानें करावी. तिसरा, प्रत्येक गांवीं संघाच्या खर्चानें चार पंप, पाण्याचें एक टांकें आणि वनरक्षकाचा व दवाखान्याचा क्रमांक लिहिलेली पाटी असावी. या तिन्हींत पहिलाच ठराव कठीण जाईल, हें आम्ही जाणतों. कारण दुसऱ्यांत शेजारी आपल्याकडे पाहतो, तिसऱ्यांत सरकार पाहतें, आणि पहिल्यांत पाहणारा कोणी नसतो. मजूर बोलत नाहीं. आमच्या शेतांतला तो तरुणही बोलला नव्हता. त्याचें डोकें दुखत असल्याचें त्यानें शेजारच्या बाईस बारा वाजतांच सांगितलें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. आपणांस सांगण्याची त्याची छाती झाली नाहीं.

थोड्याच दिवसांत मृग लागेल, पहिला पाऊस पडेल आणि तिफणी बाहेर निघतील. त्या दिवशीं गतसालीं पेरणीस जीं माणसें होतीं तीं सर्व आपल्या पायांनीं चालत शेतावर यावींत, आणि बांधापलीकडचें रान हिरवें उभें असावें. एवढें साधलें तर यंदाचा उन्हाळा आपण शेतकऱ्यांस शोभेल असा काढिला, असें म्हणतां येईल.